तूरमालेच्या घाटातला लोहार

टूर डी फ्रान्स या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीच्या इतिहासात विजेत्यांची यादी मोठी आहे. त्यातील बहुतेक नावे आज फक्त आकडेवारीच्या पुस्तकात उरली आहेत. मात्र ही शर्यत एकदाही न जिंकलेल्या युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूचे नाव शंभर वर्षांनंतरही पिरेनीजच्या घाटवाटांवर आदराने घेतले जाते. नशिबाने पाठ फिरवणे म्हणजे काय, याचे त्याच्याइतके ठळक उदाहरण क्रीडाविश्वात क्वचितच सापडेल.

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसच्या वेशीवरील मालाकॉफ या उपनगरात झाला. घरची परिस्थिती बेताची. पोटासाठी त्याने कुलपे-किल्ल्या बनविण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली. लोखंड तापवणे, ठोकणे, कानशीने घासणे ही कामे त्याच्या हातात बसली ती तिथेच. या कामाचा आपल्याला एके दिवशी डोंगरात उपयोग होईल, असे तेव्हा त्याच्या स्वप्नातही आले नसेल. १९०६ मध्ये तो पहिल्यांदा टूरमध्ये उतरला आणि नववा आला.

त्याचे नाव खऱ्या अर्थाने गाजले ते १९१० च्या मिलान-सान रेमो शर्यतीत. एप्रिलचा आरंभ असूनही तुर्किनोच्या खिंडीत बर्फ साचले होते. गारठ्याने क्रिस्तोफच्या हातापायांतील त्राण गेले. रस्त्याकडेच्या एका खानावळीच्या मालकाने त्याला आत नेले, ओले कपडे काढून घोंगडीत गुंडाळले आणि चुलीजवळ बसवले. काही वेळाने खिडकीतून चिखलाने माखलेले स्पर्धक जाताना दिसताच, मालक नको नको म्हणत असताना, तो पुन्हा सायकलवर बसला आणि एकेकाला गाठत शर्यत जिंकला. साठहून अधिक जण निघाले होते. शेवटपर्यंत पोहोचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. या विजयाची किंमत मात्र जबर होती. हिमदंशामुळे त्याला इस्पितळात राहावे लागले आणि पूर्ण बरे व्हायला दीर्घ काळ गेला.

त्या काळचे घाटरस्ते कसे होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय क्रिस्तोफची थोरवी कळणार नाही. २,११५ मीटर उंचीच्या तूरमालेवर टूर पहिल्यांदा गेली ती १९१० मध्येच. डांबर दूरच, सुटी खडी, पावसाने पडलेल्या चऱ्या आणि गुराखी व खेचरांनी तुडवलेली वाट. ब्रेक बेताचे. गियर बदलण्याची यंत्रणा वापरायला टूरमध्ये थेट १९३७ पर्यंत बंदी होती. चढ आला की खाली उतरायचे आणि मागचे चाक उलटे करून दुसऱ्या बाजूची दातेरी चकती वापरायची. पंक्चरसाठीचे जादा टायर खांद्यावरून आडवे गुंडाळलेले असत. खडीच्या डोंगरवाटांवरून सायकल हाकणे हा आज हौसेचा खेळ झाला आहे. रुंद टायर आणि हलक्या सायकली घेऊन लोक मुद्दाम अशा वाटा शोधतात. क्रिस्तोफच्या पिढीला दुसरी वाटच नव्हती.

त्यातही जाचक होता तो नियम. शर्यतीचे जनक आणि ‘लोटो’ या दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांचा आग्रह असा, की सायकलपटूने स्वतःच्या बळावरच शर्यत पूर्ण करावी. सायकल मोडली तर ती त्यानेच दुरुस्त करायची. कुणाचा हात लागता कामा नये. कागदावर हे तत्त्व उदात्त दिसते. प्रत्यक्षात त्याने अनेकांचा बळी घेतला.

१९१२ मध्ये क्रिस्तोफने सलग तीन टप्पे जिंकले. ग्रेनोबलच्या टप्प्यात तर सुमारे ३१५ किलोमीटर तो एकट्याने पुढे होता. पण तेव्हा विजेता वेळेवर नव्हे, गुणांवर ठरत असे. त्या हिशेबात बेल्जियमचा ओदिल देफ्रे पहिला आणि क्रिस्तोफ दुसरा ठरला. पुढच्या वर्षी आयोजकांनी पुन्हा वेळेची पद्धत आणली आणि जाणकारांच्या नजरा क्रिस्तोफकडे वळल्या.

तो दिवस होता ९ जुलै १९१३. बायोन ते ल्युशाँ हा ३२६ किलोमीटरचा टप्पा, मध्ये पिरेनीजचे घाटामागून घाट. देफ्रेने वाटेतच शर्यत सोडली आणि एकूण वेळेत क्रिस्तोफ पुढे आला. तूरमालेचा माथा ओलांडून तो खाली झेपावला आणि उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. हँडलखालची नळी तुटली की सायकल चालवणे तर सोडाच, ढकलणेही अशक्य. त्याने सायकल खांद्यावर टाकली, चाक हातात घेतले आणि तो चालू लागला. मागून येणारे प्रतिस्पर्धी एकेक करून पुढे जात राहिले. पायथ्याचे सँत-मारी-द-काम्पाँ हे गाव दहाहून अधिक किलोमीटर दूर होते.

गावात एका मुलीने त्याला लोहाराच्या भट्टीचा पत्ता दाखवला. लोहार मदतीला तयार होता, पण शर्यतीचे पंच आणि प्रतिस्पर्धी संघांचे लोक पाठोपाठ येऊन उभे राहिले होते. लोहाराने तोंडी सांगायचे, करायचे क्रिस्तोफने. त्याने पोलादाचा तुकडा निवडला, तापवला, ऐरणीवर ठोकून नळीच्या मापाचा केला आणि तो चिमट्यात बसवून जोड दिला. उमेदवारीत शिकलेली कारागिरी कामी आली. अडचण एकच होती. एका हाताने लोखंड धरायचे, दुसऱ्याने हातोडा चालवायचा. मग भाता कोण ओढणार? तिथल्या एका लहान मुलाने तो ओढला. पंचांनी तेवढेच टिपून ठेवले.

तीन तासांहून अधिक वेळ हे काम चालले. पाव खिशात कोंबून क्रिस्तोफ निघाला. पुढे आस्पँ आणि पेरसूर्द हे दोन घाट बाकी होते. तेही चढून तो ल्युशाँला पोहोचला तेव्हा पहिल्या क्रमांकापेक्षा जवळजवळ चार तास मागे पडला होता. त्यावर भाता ओढणाऱ्या पोराबद्दल दहा मिनिटांचा दंड झाला. नंतर तो तीन मिनिटांवर आला. चार तास गमावलेल्या माणसाला ही तीन मिनिटे लावण्याची कोती वृत्तीच त्या नियमाविषयी सारे सांगून जाते.

क्रिस्तोफ त्या वर्षी सातवा आला. विजेता ठरला बेल्जियमचा फिलिप थीस. गंमत अशी, की पॅरिसला पोहोचण्याआधीच्या टप्प्यात थीसच्या सायकलचाही चिमटा मोडला. त्याने दुकानात मदत घेतली, दहा मिनिटांचा दंड सोसला आणि तरीही साडेआठ मिनिटांच्या फरकाने शर्यत जिंकली. चिमटा मोडला नसता तर क्रिस्तोफच जिंकला असता, असे फ्रेंच रसिक हमखास सांगतात. शर्यतीचे निम्म्याहून अधिक टप्पे तेव्हा उरले होते, हे ते सोयीस्कर विसरतात.

मग महायुद्ध आले आणि उमेदीची वर्षे घेऊन गेले. १९१९ मध्ये टूर पुन्हा सुरू झाली तेव्हा क्रिस्तोफ चौतीस वर्षांचा होता. उद्ध्वस्त रस्त्यांवरच्या त्या शर्यतीत ६७ जण निघाले आणि जेमतेम दहा-अकरा परतले. आघाडीवीर गर्दीत ओळखू यावा म्हणून देग्रांज यांनी १९ जुलैला ग्रेनोबल येथे पिवळी जर्सी आणली. ‘लोटो’चा कागदही पिवळाच होता. ती अधिकृतपणे पहिल्यांदा अंगावर चढली ती क्रिस्तोफच्या. (१९१३ मध्येच आपण पिवळा सदरा घातल्याचे थीसने पुढे सांगितले, पण इतिहासाने मान क्रिस्तोफला दिला.) शेवटून दुसऱ्या टप्प्यापूर्वी त्याची आघाडी २८ मिनिटांची होती. मेट्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. वालाँसिएनजवळच्या दगडी फरसबंदीवर त्याचा चिमटा पुन्हा मोडला. या वेळी जवळच्या सायकल कारखान्यात हत्यारे मिळाली, तरी तासाहून अधिक वेळ गेला. पिवळी जर्सी फिर्मँ लाम्बोकडे गेली आणि क्रिस्तोफ तिसरा ठरला.

फ्रान्स मात्र हळहळला. ‘लोटो’ने वर्गणी उघडली. बड्या धनिकांपासून सामान्य कामगारांपर्यंत साऱ्यांनी यथाशक्ती पैसे धाडले आणि १३,३१० फ्रँक जमले. ही रक्कम विजेत्याच्या बक्षिसाहून कितीतरी जास्त होती.

पुढच्या वर्षी त्याने पॅरिस-तूर आणि बोर्दो-पॅरिस या शर्यती जिंकल्या. बोर्दो-पॅरिस १९२१ मध्येही. १९२२ च्या टूरमध्ये सदतिसाव्या वर्षी त्याने काही दिवस पुन्हा पिवळी जर्सी घातली आणि त्याच शर्यतीत आल्प्समधील गालिबिएच्या उतारावर चिमटा तिसऱ्यांदा मोडला. तो आठवा आला. चाळिशीत, १९२५ मध्ये, त्याने शेवटची टूर केली. झुबकेदार मिशांमुळे लोक त्याला ‘म्हातारा गॉल’ म्हणत. १ फेब्रुवारी १९७० रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले.

पायडलवर पाऊल पक्के धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर आणि क्लिपांवर त्याचे नाव अनेक दशके छापले जात होते. ज्यांनी त्याच्याविषयी काहीही वाचले नव्हते, असे सायकलपटूही ते नाव पायाशी बाळगून फिरत. सँत-मारी-द-काम्पाँमधील भट्टीच्या जागी स्मृतिफलक आहे. २०१४ मध्ये गावात त्याचा पुतळाही उभारण्यात आला. तूरमाले चढायला निघालेले सायकलस्वार तिथे थांबतात, बाटल्या भरून घेतात आणि त्याने सायकल खांद्यावर टाकून तुडवलेल्या रस्त्याने उलट दिशेला, वर निघतात.