हसविणारे दादा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या नामवंत व्यक्तीचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा मी दादा कोंडके यांचे नाव सुचविले. काही भगिनींनी हसू लपविण्यासाठी तोंडाला पदर लावला, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला दोघींचेही पटते. म्हणूनच हे चरित्र जमेल तसे सांगते.

दादांचे खरे नाव कृष्णा. त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईस नायगाव येथे झाला. मूळ गाव मात्र भोर तालुक्यातील इंगवली, म्हणजे आपल्या पासलीच्या शेजारच्याच तालुक्यातले. आपल्या मावळातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली. कोंडक्यांचे घरही तशाच गिरणीवस्तीतले. ऐन तरुणपणी थोड्याच काळात त्यांची बहुतेक जवळची माणसे गेली, थोरला भाऊ तेवढा उरला. एखादा खचून गेला असता. दादांनी लोकांना हसविण्याचा वसा घेतला.

अपना बाजारात नोकरी, लग्नकार्यात बँड आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम, असे त्यांचे दिवस गेले. पुढे वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांचे नाव घरोघरी नेले. त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. पाठ केलेल्या वाक्यात ते अडकून पडत नसत. समोरचे प्रेक्षक आणि त्या दिवसाची बातमी पाहून जागच्या जागी विनोद करीत.

भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’ या चित्रपटात त्यांना पडद्यावर आणले. ते साल १९६९. लगेच १९७१ साली दादांनी स्वतः ‘सोंगाड्या’ काढला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने तो लावण्यास नकार दिला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसैनिकांनी आवाज उठविला आणि चित्रपट लागला. मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ असे एकामागून एक चित्रपट आले. नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले व त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी आणि तो भाबडा चेहरा! शिकलेल्यांनी नाके मुरडली, पण गिरणीकामगार आणि शेतकरी यांना पडद्यावर आपल्यातलाच एकजण दिसला. मला स्वतःला त्यांच्या चित्रपटांतील ‘आये’ फार आवडे. रत्नमालाबाई ती भूमिका करीत. लेकराला दटावणारी, प्रसंगी झोडपणारी, पण त्याच्यासाठी जीव टाकणारी ती आई आपल्याच गावातील वाटे. आई धाकात ठेवणारी होती म्हणूनच त्या लेकराचा वेडेपणा गोड वाटे.

पुढे मात्र गाडी घसरली. दुहेरी अर्थाचा विनोद त्यांच्याकडे पहिल्यापासून होता, पण तो जेवणातल्या मिठाएवढा. हळूहळू मीठच ताटभर झाले. चित्रपटांची नावेच अशी येऊ लागली की घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे उच्चारता येऊ नयेत. सेन्सॉरशी तर त्यांचे नेहमीच खटके उडत. हिंदीतही त्यांनी तसेच चित्रपट काढले. आता हसण्याचा विषय भाबडा गडी राहिला नाही. बाईचे अंग हाच विषय झाला. मग आम्ही बायकांनी हसावे तरी कशाला?

आणखीही कारणे होती. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. गिरणगाव उद्ध्वस्त झाले, आणि ज्यांनी दादांना मोठे केले त्यांच्याच खिशात तिकिटाचे पैसे उरले नाहीत. ‘धूमधडाका’ १९८५ साली आला, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे हे विनोद आजी, सून, नात एकत्र बसून पाहू लागल्या. बाई चित्रपटगृहातून उठली की तिच्यामागे सारे घर उठते, असे मला वाटते. दादांच्या शेवटच्या चित्रपटांना पूर्वीची गर्दी राहिली नाही. त्यांचे नाव घेणेही पांढरपेशा घरांत कमीपणाचे झाले.

घरीही सुख नव्हते. संसार टिकला नाही. त्यांनी अनिता पाध्ये यांना सांगितलेल्या आत्मकथेचे नावही ‘एकटा जीव’ असेच आहे. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईस हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. साऱ्या महाराष्ट्राला हसविणारा माणूस रात्री रिकाम्या घरात शिरत असेल, तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलणारे कोण असेल, हा विचार मनात येऊन जीव कळवळतो.

आज त्यांची जुनी गाणी लागली की लावणीच्या वेळी हात भरभर चालतात. भगिनींनो, त्यांच्या चुकांवर पांघरूण घालावे असे मी म्हणत नाही. आपल्या लेकीबाळींसमोर जे चालणार नाही, ते चालणार नाहीच. पण सुपात धान्य पाखडताना आपण भुसा उडवितो, म्हणून दाणे टाकून देतो का? इंगवलीच्या या लेकाचे दाणे आपण राखून ठेवावेत, एवढेच माझे म्हणणे.