वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (जन्म : १ जुलै १९१३, गहुली, मृत्यू : १८ ऑगस्ट १९७९, सिंगापूर) हे ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. सलग एवढा दीर्घ कार्यकाळ राज्यात अन्य कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

गहुली हे यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बंजारा वस्तीचे गाव. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातील पदवीनंतर कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी अमरावतीस पंजाबराव देशमुखांकडे व पुढे पुसदला वकिली केली. १९४१ मध्ये वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी केलेला आंतरजातीय विवाह त्या काळी धाडसाचाच म्हणावा लागेल. १९५२ मध्ये ते जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून आले. १९६० साली नेमलेल्या त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या.

शेती हा त्यांच्या कारभाराचा गाभा होता. संकरित ज्वारीचा प्रसार, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देणारी रोजगार हमी योजना ही कामे त्यांच्याच काळातली. त्याच वर्षी सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना तर थेट वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली. व्यापाऱ्याऐवजी शासनच कापसाचे एकमेव खरेदीदार झाले आणि हमीभावाची शाश्वती आली. ही योजना पुढे तोट्यात रुतली.

तरीही त्यांचा स्वतःचा जिल्हा मागासच राहिला. पश्चिम महाराष्ट्रात कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि उसावर सहकारी कारखाने वाढले. यवतमाळचा कापूस मात्र आभाळाकडे डोळे लावून राहिला. बियाणे व भाव यांची धोरणे राज्यभर एकसारखी होती, पाणी तसे नव्हते. विकासनिधीत विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे १९५३ च्या नागपूर कराराचे आश्वासन मुख्यमंत्री विदर्भाचा असूनही पुरते पाळले गेले नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यातील सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. याचा सारा दोष नाईकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण हा अनुशेष अनेक मंत्रिमंडळांच्या काळात साचत गेला. मात्र त्यातील अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांचा होता, हेही नजरेआड करता येत नाही.

१९७७ मध्ये ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून साजरा होतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने स्थापलेल्या शेती स्वावलंबन मिशनलाही त्यांचेच नाव आहे. त्याच्या कार्यक्षेत्रात यवतमाळ जिल्हा येतो.