‘ॲलर्जी’ला नाव देणारा बालरोगतज्ज्ञ

घटसर्पाने श्वास कोंडून मुले दगावत, त्या काळी घोड्याच्या रक्तापासून बनवलेले सीरम हा डॉक्टरांच्या हातातला मोठा आधार होता. पण सीरम टोचल्यावर आठ ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. जीव वाचवणारे औषधच नवा आजार देत होते.

व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के या कोड्याच्या मागे लागले. १८७४ साली सरदार घराण्यात जन्मलेले पिर्के आधी धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले, मग वैद्यकाकडे वळले. बेला शिक या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तारखांचा हिशेब ठेवला: सीरम कधी दिले, पुरळ कधी आले. पूर्वी सीरम मिळालेल्या मुलाला ते पुन्हा दिले, तर त्रास काही तासांत, कधी मिनिटांतच सुरू होई. सीरममध्ये तर जंतू नव्हते. म्हणजे पहिल्या वेळचे ते मधले दिवस जंतूंच्या वाढीचे नव्हते. शरीर प्रतिद्रव्ये तयार करत होते. देवीची लस दुसऱ्यांदा टोचल्यावर हातावरची लाली लवकर येते, हेही त्यांनी टिपले. संरक्षण आणि त्रास, दोन्हींचे मूळ एकच! १९०६ मध्ये शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे फक्त रक्षण, असे मानणाऱ्या अनेकांना ते पटले नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी क्षयासाठी त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी आणली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील उपाशी मुलांना जेवण पुरवण्याच्या कामात ते आघाडीवर होते. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले मात्र नाही. १९२९ मध्ये पिर्के आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

त्यांच्या शब्दाचा अर्थ पुढे आक्रसत गेला. आज तो त्रासापुरताच उरला आहे, आणि लस घेतल्यावर आलेल्या साध्या तापालाही पालक ‘ॲलर्जी’ म्हणतात. तो ताप ॲलर्जी नव्हे. खरी तीव्र ॲलर्जी विरळा, आणि ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. लसीनंतर अर्धा तास थांबवतात ते त्यासाठीच. त्याच लसीने किंवा तिच्यातील घटकाने पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवे. मात्र अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवण्याचे कारण नाही. गोवराच्या काही लसी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, पण त्यांत अंड्याचे प्रथिन नगण्य असते.