हाताने केलेला ‘डिफ’

सबमिशनच्या आदल्या रात्री जुन्या फोल्डरवर नवं फोल्डर पेस्ट केलं आणि आमचा चालणारा कोड गेला. गिट शिकायचा कंटाळा, दुसरं काय! पुढे सुट्टीत बुलढाण्याला आजोबांच्या कपाटात महाभारताचा एक खंड सापडला. पानोपानी तळटीपा. संपादक कोण ते पाहिलं, तर विष्णु सीताराम सुकथनकर.

जन्म १८८७ चा. केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला जाऊन संस्कृतचे झाले. १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतल्या पोथ्या, आणि प्रत्येकीत पाठ वेगळा! तक्त्यावर वर श्लोक लिहायचा, खाली प्रत्येक पोथीतला फरक अक्षर न् अक्षर नोंदवायचा. आपला ‘डिफ’च की हो, पण हाताने. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची लाडकी कथासुद्धा त्यांनी मूळ पाठातून बाहेर काढली. फेकली मात्र नाही, परिशिष्टात ठेवली.

१९४३ मध्ये ते गेले तेव्हा बरीच पर्वं बाकी होती. पद्धत आणि नोंदी जागेवर होत्या. इतरांनी काम उचललं आणि १९६६ ला पुरं केलं. आमच्या ग्रुपमधला एक जण चार दिवस गावी गेला, तर त्याचा कोड कुणालाच कळत नाही.