Explainer : सोनं लाल कसं दिसतं? फॅरेडेंच्या बाटलीत दडलं होतं उत्तर

मायकेल फॅरेडे म्हटलं की डायनॅमो आठवतो. १७९१ मध्ये लोहाराच्या घरी जन्मलेला हा शास्त्रज्ञ पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता विज्ञान शिकला. उतारवयात मात्र त्यांना सोन्याने झपाटलं.

१८५६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची प्रक्रिया करून माणकासारखं लाल द्रावण बनवलं. त्यात मीठ टाकलं की ते निळं पडे. आधी जिलेटिन मिसळलं, तर लालच राही.

असं का? द्रावणात सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. मिठामुळे ते एकत्र येतात आणि वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतात. जिलेटिनचा थर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकाला हे कण दिसत नव्हते. फॅरेडेंनी द्रावणात प्रकाशझोत सोडून ते ओळखले.

त्यांची स्मरणशक्ती तेव्हा दगा देत होती, तरी प्रयोगाची प्रत्येक नोंद ते वहीत करत राहिले. १८५७ मध्ये निष्कर्ष मांडले. १८६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची लाल बाटली लंडनमध्ये आजही जपलेली आहे. प्रेग्नन्सी किटवरची लाल-गुलाबी रेघही बहुतेकदा अशाच कणांची असते. फक्त त्यांच्यावर थर असतो प्रथिनांचा.