महर्षी कर्वे : विद्येला वय नसते

पंचविशी उलटली, लग्नकार्य झाले, पदरी मूल आले, की पुस्तक कायमचे मिटावयाचे, असा जणू दंडकच आपल्या घराघरांतून पडून गेला आहे. ज्यांनी आपल्या आचरणाने हा दंडक खोटा ठरविला, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राचे स्मरण आम्ही येथे समाजबंधुभगिनींना करून देत आहोत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. बालपण मुरुड या गावी, बेताच्या परिस्थितीत गेले. १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरुडहून सुमारे ११० मैलांची वाट पायी तुडवीत, कुंभार्ली घाट ओलांडून साताऱ्यास पोहोचले. परीक्षेस सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. ती झाली होती. परंतु अंगयष्टी लहान दिसते, या कारणास्तव त्यांना परत पाठविण्यात आले. पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

इंग्रजी शिक्षणास त्यानंतर आरंभ झाला. मध्ये आजारपण आले, खंड पडला. मुंबईस रॉबर्ट मनी शाळेत वयाने लहान मुलांच्या बरोबरीने बसून १८८१ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. पंधराव्या वर्षीच त्यांचा विवाह झालेला होता. १८८२ च्या आरंभी पुत्र रघुनाथ जन्मास आला. शिकवण्या करून पोट भरावे आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकावे, असा क्रम चालवून गणित विषय घेऊन १८८४ साली ते बी. ए. झाले. पुढे १८९१ साली हाच विद्यार्थी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला.

त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि समाजाचा रोष पत्करला. बालपणीच वैधव्य आलेल्या गोदूबाई विशी उलटल्यावर पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकावयास गेल्या होत्या. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर अधिकच विलक्षण. त्याही विधवा. १८९६ साली अण्णांनी स्थापिलेल्या व पुढे हिंगण्यास गेलेल्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव निधी जमविला. आणि पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकण्याकरिता त्या अमेरिकेस गेल्या व तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून शिकल्या.

उशिरा शिकणाऱ्यांच्या अडचणी अण्णांनी स्वतः व स्वतःच्या घरी पाहिल्या होत्या. १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे महिला विद्यापीठ स्थापन केले. आरंभी कॉलेजातील विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले. १९५८ साली शंभराव्या वर्षात अण्णांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे जाऊ शकलो नाही. परंतु शाळेत असताना मुलांना पोहोचवावयास येणाऱ्या मातांच्या डोळ्यांत शिक्षणाची अपुरी राहिलेली इच्छा आम्ही पुष्कळदा वाचली आहे. आज मार्ग पूर्वीइतका बिकट नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून संसार व नोकरी सांभाळून पदवी घेता येते. मात्र आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीस अर्जदाराचे वय पंचविशीच्या आत असावे, ही अट अद्याप कायम आहे. या अटीत एखादी चाळिशीतील सून किंवा कारखान्यात राबणारा गृहस्थ बसत नाही. साताऱ्यास अण्णांना वय कमी दिसते म्हणून परत फिरावे लागले. वय जास्त आहे म्हणून आपल्या दारातून कोणास परत फिरावे लागू नये. येत्या वार्षिक सभेत ही अट काढून टाकण्याचा विचार व्हावा, अशी कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे.