सेवासदनच्या रमाबाई रानडे

मंडळाच्या वर्धापनदिनी ज्यांचे स्मरण करावे अशा थोर स्त्रियांत मला रमाबाई रानडे फार जवळच्या वाटतात. त्या कधी तुरुंगात गेल्या नाहीत, की त्यांनी जहाल भाषणे केली नाहीत. मवाळ म्हणून लोक त्यांना नावे ठेवीत. पण त्यांचे काम पाहिले म्हणजे मवाळ माणसाच्या अंगीही केवढी चिकाटी असते ते कळते.

त्यांचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना मराठी आणि पुढे इंग्रजी शिकवले. घरातल्या बायका टाकून बोलत, अबोला धरीत. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. मला वाटते, त्यांच्या राजकारणाची शाळा ही घरातच झाली.

१९०१ साली माधवराव वारले. पुढे १९०९ साली रमाबाईंनी गोपाळराव देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथे विधवा व गरजू बायका शिकून शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

मग पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला होता. पैसा अपुरा, म्हणून सक्ती आधी मुलग्यांपुरतीच असावी, असे टिळकपक्षाचे म्हणणे. रमाबाईंना हे मान्य नव्हते. आज ना उद्या म्हणता म्हणता मुली मागेच राहतात, हे त्यांनी घरोघरी पाहिले होते. साठीकडे झुकलेल्या रमाबाई बायकांची मिरवणूक घेऊन रस्त्यावर आल्या. लोकमान्यांसारख्या पुढाऱ्याच्या पक्षाविरुद्ध पुण्यात उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने तो मान्य केला. मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्याच जणींना मिळाला, तरी दार उघडले ते उघडलेच. १९२४ साली रमाबाईंनी देह ठेवला.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. पण मुलीला शाळेत घालावे की नाही, हा प्रश्न माझ्या वडिलांना पडला नाही. तो प्रश्न सोडवायला कोणीतरी आधी बोलणी खाल्ली होती. म्हणून भगिनींनो, निवडणुकीच्या दिवशी स्वयंपाक मागे राहिला तरी चालेल, पण मत देणे चुकवू नका आणि घरातल्या मुलीची शाळा बुडवू नका. रमाबाईंचे स्मरण याहून निराळे ते काय करायचे!